कपाटावरचे बुडबुडे

स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं आडवी मांडून कारागीर पाण्यावर आधारलेलं पॉलिश स्प्रे करतो. ओलं असताना काम झकास दिसतं. वाळल्यावर उजेडात तिरकं पाहिलं, की टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. खापर फुटतं ते डब्यावर.

हे पॉलिश मुळातच फेसाळ. रेझिनचे कण पाण्यात विखुरलेले राहावेत म्हणून त्यात साबणाच्या जातीची द्रव्यं असतात. फेस मोडणारं रसायनही असतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. डबा गदागदा हलवला किंवा ड्रिलने घुसळला, की हवा आत शिरलीच! सपाट काठीने सावकाश ढवळावं, गाळावं आणि थोडं टेकू द्यावं.

दुसरं कारण म्हणजे जाड हात. ओला थर बहुधा ७५ ते १२५ मायक्रॉन पुरतो. त्याहून जाड झाला तर वर साय धरते आणि हवा खालीच कोंडते. मे महिन्याच्या उकाड्यात, त्यातून पंख्याचा झोत थेट दारावर असेल, तर हे हमखास होतं. अशा वेळी कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितलं असेल तेवढंच पाणी किंवा वाळणं लांबवणारं रिटार्डर घालावं. गनचा दाबही उगाच चढवू नये.

सागासारख्या सच्छिद्र लाकडाच्या छिद्रांतूनही हवा वर येते, म्हणून त्यावर पहिला हात पातळच हवा.

बुडबुडे आलेच, तर पूर्ण वाळू द्यावं, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं, धूळ पुसून पातळ हात मारावा. घासायला लोखंडी काथ्या मात्र नको. त्याचे तुकडे पाण्याने गंजतात आणि डाग कायमचे राहतात.