गेमच्या मशीनला गटाचं कर्ज?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण काय, तर आयटीआयला शिकणाऱ्या मुलाला घरी गेमचं मशीन बनवायचंय. बाया हसल्या. शेळीला कर्ज, शिलाई मशीनला कर्ज ऐकलंय, हे काय नवीन! पण मुलानं वहीत सगळा हिशेब मांडला होता. तो वाचल्यावर हसणं थांबलं.

जत्रेत नाणं टाकून खेळायचं ते उंच कपाट आठवा. वर पडदा, खाली दांडी आणि रंगीत बटणं. तसं उभं कपाट करायला प्लायवूडच्या दोन शीट तरी लागतात. टेबलावर ठेवायची पेटी केली, तर आठ बाय चारच्या एकाच शीटमध्ये भागतं, वर तुकडे उरतात. १२ मिलिमीटर जाडी पुरते.

पडदा नवा नकोच. ऑफिसातून काढून टाकलेला जुना चौकोनी मॉनिटर बघायचा. १९८० चा पॅकमॅन काही रुंद पडद्यासाठी बनलेला नव्हता. आत रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याएवढा संगणक बसवतात. पण कीबोर्ड तुटलेला, पडून असलेला लॅपटॉप चालू होत असेल तर तोच वापरा. त्यावर लिनक्स फुकट टाकता येतं.

काटकसर करायची नाही ती दांडी-बटणांत. मुलं तिथंच हाणतात. प्रत्येक बटणाखाली छोटा स्विच असतो, त्याच्या वायरी एका कार्डात खोचायच्या आणि कार्ड यूएसबीनं संगणकाला जोडायचं. तयार वायरींचा संच घेतला तर डाग द्यावा लागत नाही. बटणाचं भोक २८ किंवा ३० मिलिमीटरचं असतं, म्हणून बटण हातात आल्याशिवाय लाकडाला ड्रिल लावू नका. आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडून मनगट दुखतं का ते बघा. मागं हवेसाठी भोकं ठेवा, आणि विजेचं काम जाणत्या माणसाकडूनच, अर्थिंगसकट.

“जत्रेत लावू, हप्ता फिटेल,” असं एक ताई म्हणाल्या. मी नाही म्हटलं. हजार खेळ भरून स्वस्तात मिळणारे पेनड्राईव्ह बहुतेक चोरीच्या खेळांचे असतात, आणि पैसे घेऊन खेळ लावायचा तर परवानगीचा प्रश्न येतो. कमाईच्या आशेवर हे कर्ज द्यायचं नाही. आईच्या मजुरीतून हप्ता निघतो का, एवढंच बघायचं. निघत होता. मॉनिटर आणि लॅपटॉप नात्यातच सापडले, त्यामुळे मागितलेल्या रकमेच्या निम्मंच कर्ज मंजूर झालं.

तालुक्याच्या गेमच्या दुकानात पोरींना कोण पाठवतं? घरातल्या पेटीवर त्याही खेळतील, हे मला जास्त पटलं. दुसऱ्या दांडीला बहुतेकदा दुसरं कार्ड लागतं, खर्च वाढतो, म्हणून मुलानं आराखड्यात एकच दांडी काढली होती. त्याच्या बहिणीनं पेन्सिलीनं शेजारी दुसरी काढून ठेवलीय. वाद अजून चालू आहे.