रस्त्याची खबर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भंडारा येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनास आपल्यापैकी कोणी तुमसरहून आले आहेत, कोणी पवनीहून, तर कोणी साकोली-लाखांदूरकडून. घरातून निघण्यापूर्वी प्रत्येकाने कोणाला तरी विचारलेच असेल, "रस्ता कसा आहे?" या साध्या प्रश्नाचे उत्तर कोण गोळा करतो, ते आपल्यापर्यंत कसे येते आणि वाटेत कोठे अडते, एवढाच माझा आजचा विषय आहे. बांधकाम खात्याच्या नोकरीत माझे आयुष्य रस्त्यावरच गेले. तेव्हा हे बोल विद्वत्तेचे नव्हेत, पायाखालच्या मातीचे आहेत.

आपला जिल्हा वैनगंगेचा, चुलबंदीचा आणि असंख्य तलावांचा. धानाला जे पाणी जीवन देते, तेच पाणी पावसाळ्यात रपट्यावर चढले की गावाची वाट बंद होते. तलावाचा सांडवा भरून वाहू लागला की त्याखालच्या रस्त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून येथे रस्त्याची खबर ही चैनीची वस्तू नाही. माहेरवाशिणीचा, विद्यार्थ्याचा आणि रोग्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

ही खबर जन्मते कोठे? ती कचेरीत जन्मत नाही. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या मापाकडे पाहणारा मजूर, सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातील पाणी मोजणारा कर्मचारी, गावचा कोतवाल, आणि फेरी करून आगारात परतलेला एस.टी.चा चालक, हे तिचे खरे जनक होत. त्यांच्याकडून ती शाखा अभियंत्याकडे वा तहसीलदाराकडे जाते आणि पुढे जिल्हाधिकारी कचेरीतील नियंत्रण कक्षात पोहोचते. तेथून ती पोलीस, एस.टी. आगार, वर्तमानपत्रे आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या वाटेने लोकांकडे परत येते. विहिरीच्या रहाटासारखा हा क्रम आहे. खाली पाणीच भरले नाही, तर वर रिकामी घागर येणार.

आता अडचण पाहू. १९४३ च्या डिसेंबरात देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद आपल्या शेजारच्या नागपुरात भरली आणि रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी वर्गवारी ठरली. 'नागपूर योजना' म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि तिचाच साचा आजही चालू आहे. साकोली-लाखनीवरून जाणारा महामार्ग, ज्याला जुनी माणसे अद्याप 'नंबर सहा' म्हणतात आणि ज्याचा सांप्रतचा क्रमांक ५३ आहे, तो केंद्राच्या अखत्यारीत येतो. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व गावरस्ते बहुतांशी जिल्हा परिषदेकडे असतात. बांधणी व देखभालीसाठी ही विभागणी योग्यच आहे. परंतु प्रवासी काही वर्गवारीने प्रवास करीत नाही. त्याला घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता अखंड हवा असतो, आणि त्याची खबर मात्र तीन वह्यांत वाटलेली असते. अमेरिकेत २००० साली प्रवाशांच्या माहितीसाठी ५११ हा एकच क्रमांक राखून ठेवण्यात आला, त्यामागे हीच अडचण होती.

नदीलाही आपल्या सीमा ठाऊक नसतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस, ऐन गणपतीच्या दिवसांत, वैनगंगेला आलेला महापूर आपण विसरलेले नाही. पाऊस कोसळला वर मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सुटले, आणि बुडाल्या आपल्या वस्त्या व रस्ते. कारध्याजवळ नदीची धोक्याची पातळी २४५.५ मीटर मानली जाते. हा आकडा अभियंत्याला पुरेसा बोलका आहे. परंतु नदीकाठच्या शेतकऱ्याला त्यावरून आपल्या रपट्यावर किती पाणी येईल हे कळत नाही. आकड्याचे 'अमुक वाट अमुक वेळेनंतर धरू नका' अशा शब्दांत रूपांतर होते, तेव्हाच त्याची खबर होते.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. तरुणपणी एका नाल्यावरील रपट्याची देखरेख माझ्याकडे होती. पाणी चढताच मी वाट बंद करून तसा निरोप चहूकडे धाडला. त्याबद्दल वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पहाटे पाणी उतरले आणि वाट मोकळी झाली. मात्र 'वाट उघडली' हा निरोप धाडण्याचे माझ्या मनातच आले नाही. त्या सकाळी आपल्याच समाजातील एक कुटुंब अडलेल्या सुनेला घेऊन निघाले होते. वाट बंद असल्याचे आदल्या रात्रीचे ऐकून ते लांबच्या फेऱ्याने गेले. सून वाचली, मूल वाचले नाही. लवकर पोहोचल्याने ते वाचले असते की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. त्या घराने मला कधी दोष दिला नाही. परंतु शिळी खबर ही खोट्या खबरेइतकीच घातक असते, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

आज घरोघरी भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर नकाशाही दिसतो. तो जरूर वापरावा, परंतु त्याची मर्यादा ओळखावी. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या भ्रमणध्वनींचा वेग पाहून तो गर्दी ताडतो. ज्या आडवाटेवर कोणीच जात नाही, ती केवळ निर्जन आहे की पाण्याखाली आहे, हे त्याला कोणी सांगितल्यावाचून समजत नाही. नकाशाचे मौन म्हणजे खुशाली नव्हे. आणि फूटभर वाहते पाणी लहान मोटार ढकलून नेऊ शकते, दोन फूट पाणी बहुतेक वाहनांना नेते, हे तरुण मोटारसायकलस्वारांनी विशेषतः ध्यानी धरावे.

तर मग आपण काय करावे? सरकारी व्यवस्था आहेच. महामार्गासाठी १०३३ आणि जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ हे क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावेत. ते केवळ विचारण्यासाठी नव्हेत, कळविण्यासाठीही आहेत. आपण पाहिलेले संकट तेथे सांगणे हे नागरिकाचे कर्तव्य होय. आणि रस्त्याविषयीचा कोणताही निरोप पुढे धाडताना तीन गोष्टी त्यात असाव्यात: ठिकाण कोणते, वेळ कोणती, आणि प्रत्यक्ष पाहिले कोणी. यांपैकी एकही नसेल तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा.

मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. आपली कुटुंबे गावोगावी पसरलेली आहेत. प्रत्येक गावातील एका जबाबदार गृहस्थाने वा भगिनीने पावसाळ्याचे चार महिने आपल्या जवळच्या रपट्याकडे लक्ष ठेवण्याचे पत्करावे. वाट बंद झाली तर कळवावे आणि उघडली तर तितक्याच तत्परतेने कळवावे. ही खबर केवळ आपल्या समाजापुरती ठेवू नये, कारण रपट्यावरचे पाणी कोणाची जात विचारीत नाही. ज्या संघटनेने सोयरिकी जुळविल्या आणि विद्यार्थ्यांना आधार दिला, तिला हे कार्य जड नाही.

परतीची वाट धरण्यापूर्वी ती कशी आहे हे अवश्य विचारा, आणि घरी पोहोचल्यावर ती कशी होती हे मागून येणाऱ्यांना अवश्य सांगा.