श्वासातली प्रार्थना

ऊर्जानगर नावाच्या वसाहतीत पहाटे कोणी सतरंजी अंथरून आसनं करतं, कोणी बायबल उघडतं. दोन्ही एकाच माणसाने केलं तर? मुंबईत १९३१ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी अशीच सांगड घातली. त्यांची ‘साधना’ संस्था पुण्यात सुरू झाली, पुढे लोणावळ्याला गेली. ‘साधना’ याच नावाचं त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. रीत साधी: पाठ ताठ, डोळे मिटलेले, नाकपुडीला होणारा श्वासाचा स्पर्श टिपायचा आणि त्या लयीत येशूचं नाव घ्यायचं. १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांवर आक्षेप घेतला, हेही खरं. पण पाच मिनिटं शांत बसायला कोणाची हरकत? उद्या पहाटे आपापल्या देवाचं नाव घेऊन बसून बघा.