दही, माती आणि धनुर्वात : सूक्ष्मजीवांची ओळख

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सूक्ष्मजीवशास्त्रावर सोप्या भाषेत बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे खरे. पण या शास्त्रातला एक उत्तम प्रयोग इथे बसलेल्या बहुतेक भगिनी रोज रात्री करीत असतात. दूध तापवायचे, कोमट होऊ द्यायचे, चमचाभर विरजण घालायचे आणि झाकून ठेवायचे. त्या चमचाभर विरजणात कोट्यवधी जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि तिचे आम्ल बनवतात. आम्लामुळे दुधातले प्रथिन गोठते, म्हणजे दही लागते. दूध कढत असताना विरजण घातले तर हे जिवाणू मरतात. पावसाळ्याच्या गारठ्यात ते सुस्तावतात, म्हणून आपण भांडे चुलीशेजारी सरकवतो. उघडे दूध नासते, पण दही टिकते, कारण त्या आंबटपणात इतर जंतूंना वाढता येत नाही. हे सारे आपल्या आजी-पणजीला ठाऊक होते. फक्त काम कोण करते, ते कोणी पाहिलेले नव्हते.

ते पाहिले हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. अँटनी व्हान लेव्हेनहूक त्याचे नाव. विद्यापीठाचे शिक्षण नाही, लॅटिन येत नाही; पण काचेची बारीक भिंगे घासण्याचा नाद मोठा. 1674 मध्ये त्याने तळ्याच्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला आणि त्यात हालणारे जीव पाहिले. पुढे स्वतःच्या दातांवरचे किटण खरवडून पाहिले, तर त्यातही तेच. एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर सर्वसाधारण जिवाणू शेजारी शेजारी मांडले तर हजारभर मावतील, इतके ते लहान.

आता आपल्या शेतात या. भात कापल्यावर कोकणात त्याच जमिनीत वाल टाकतात. वालाचे रोप हळूच उपटून मुळे धुतली, तर त्यांवर बारीक गाठी दिसतील. नखाने फोडली तर चांगली गाठ आतून गुलाबी असते. तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून रोपाला पुरवतात आणि बदल्यात रोपाकडून अन्न घेतात. विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात तर हे स्वतः करून पाहा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती गुलाबी गाठ जास्त दिवस लक्षात राहते.

आपले शरीरही असेच भरलेले आहे. माणसाच्या अंगात जितक्या पेशी, जवळजवळ तितकेच जिवाणू, बहुतेक मोठ्या आतड्यात. ते आपल्याला काही जीवनसत्त्वे बनवून देतात आणि बाहेरून आलेल्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत.

वर्गात मुले नेहमी विचारतात, "सर, चांगले जंतू कोणते आणि वाईट कोणते, याची यादी द्या." अशी यादी काही अंशीच करता येते. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा एखादा जिवाणू मूत्रमार्गात शिरला तर तोच आजार करतो. म्हणून मी मुलांना सांगतो, जंतूचे नाव विचारता तसे तो आहे कुठे, हेही विचारा. हे मी पुस्तकातून शिकण्याआधी माझ्या घरात घडून गेले होते.

माझ्या आधी अम्मीला एक मुलगा झाला होता. बाळंतपण घरीच झाले. चार दिवस मूल नीट दूध प्यायले. पाचव्या दिवशी त्याला दूध ओढता येईना. जबडा आवळला गेला होता. नंतर नुसते दार वाजले तरी त्याचे अंग धनुष्यासारखे ताठ होई. आठव्या दिवशी ते गेले. घरात कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले दिवेलागणीला अम्मी बाळाला घेऊन ओट्यावर बसली म्हणून झाले. अम्मीने तो दोष स्वतःकडे घेतला आणि कितीतरी वर्षे तो उतरवून ठेवला नाही.

महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना मी धनुर्वाताचा धडा वाचला आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. त्यात माझ्या भावाचे सगळे वर्णन होते.

धनुर्वाताचा जिवाणू मातीत, शेणात, गुराढोरांच्या आतड्यात असतो. तिथे त्याचा कोणाला उपद्रव नाही. उन्हातान्हात, कोरड्या जागी तो बीजाणू होऊन, म्हणजे स्वतःभोवती जाड कवच करून, वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. पाणी उकळले की बहुतेक रोगजंतू मरतात, पण हा बीजाणू उकळत्या पाण्यातही काही काळ तग धरतो. म्हणून इस्पितळात उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. आपल्या प्रेशर कुकरचाच तो थोरला भाऊ. त्यात वाफेच्या दाबाखाली उष्णता 121 अंशांपर्यंत जाते. बीजाणूला हवा लागत नाही, उलट तो हवा नसलेली जागा शोधतो. खोल जखम किंवा नाळेचे मेलेले टोक मिळाले की तो जागा होतो आणि विष सोडतो. विष मज्जातंतूंच्या वाटेने चढते आणि स्नायूंना सैल पडू देत नाही. जंतू जखमेतच राहतो, मारते त्याचे विष.

आमच्या सुईणीने नाळ विळ्याने कापली होती आणि वर गोवरीची राख लावली होती. गोठ्याच्या कडेला साठवलेली. पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालत आलेले. ती बाई मायाळू होती, रात्री-अपरात्री धावून यायची, पैसे मिळोत न मिळोत. मलाही तिनेच या जगात आणले. विळा बहुधा तोच असेल. माझ्या वेळी त्यावर तो जंतू नव्हता, एवढाच माझा आणि माझ्या भावाचा फरक.

याच जंतूने मुंबईत काम केलेल्या एका थोर शास्त्रज्ञाची कारकीर्द मोडली, तेही सांगतो. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या अपुऱ्या जागेत लस तयार करायला घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना लटकून प्लेगचे जंतू वाढत. मग ते उष्णतेने मारायचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरलेले होते, अफवांना ऊत आला होता. त्या वेळी सुलतान महंमद शाह आगाखान यांनी, वय अवघे एकोणीस, सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांनाही घ्यायला लावली. हाफकिन यांच्या कामासाठी त्यांनी आपली मोठी वास्तूही दिली. पोलिओच्या थेंबांबद्दल आपल्या समाजात पसरलेल्या अफवा इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील. थेंब पाजले गेले म्हणूनच 2011 च्या जानेवारीनंतर भारतात पोलिओचा मूळ विषाणू कोणा मुलात सापडला नाही.

पण 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांना प्लेगची लस टोचली आणि त्यांतले 19 जण धनुर्वाताने मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे पुरावा तपासला तेव्हा दिसले, की बाटलीचे बूच काढणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. जमिनीवर पडलेला एक चिमटा! रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे ते दोषमुक्त झाले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 साली त्यांचे नाव देण्यात आले. तेच आजचे हाफकिन इन्स्टिट्यूट. मुंबईला गेलात तर मुलांना ती इमारत जरूर दाखवा.

गर्भवती स्त्रीला धनुर्वाताच्या लसीचे दोन डोस, किमान चार आठवड्यांच्या अंतराने, मिळाले की तिच्या रक्तात तयार झालेले संरक्षण वारेतून बाळापर्यंत पोचते. पूर्वी त्या लसीला टीटी म्हणत. आता टीडी देतात, तिच्यात घटसर्पाचीही लस असते. लस आणि निर्जंतुक ब्लेड या दोन गोष्टींनी नवजात बाळांचा धनुर्वात इतका मागे हटला, की 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. मात्र जंतू मातीतच आहे, तो कुठे गेलेला नाही. नाळेवर राख, हळद, तेल, काजळ यांतले काहीही लावू नका; ती कोरडी राहू द्या. शेतात विळा लागला, खिळा रुतला, तर जखम साबणाच्या पाण्याने धुवा आणि इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. जखम लहान दिसते म्हणून थांबू नका.

ओघात आणखी एक. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. शेजारच्या घरातल्या उरलेल्या गोळ्या मुलाला देणे थांबवा. आणि क्षयाचे औषध खोकला थांबला म्हणून दोन महिन्यांत सोडणारा माणूस मागे उरलेल्या चिवट जंतूंना मोकळे रान देतो. यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे.

धडा वाचला त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो आणि अम्मीला सगळे समजावून सांगितले. ओट्याचे नाही, नजरेचे नाही. विळा आणि राख. ती तांदूळ निवडत होती. काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने एवढेच विचारले, "मग सुईणीला कोणी सांगितले नाही का?" त्यानंतर तीच आमच्या वाडीत गर्भवती सुनांना हाताला धरून आरोग्य केंद्रात नेऊ लागली. इंजेक्शन झाले की नाही, हे ती दंड उघडून पाहायची, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची नाही. माझी मुलगी इस्पितळात जन्मली तेव्हा तिने नर्सला ब्लेडचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावले होते. नर्स जरा रागावली. मी मध्ये पडलो नाही.

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक यंत्र ठेवले आहे. आज सकाळच्याच दह्याचा लेप काचपट्टीवर निळ्या रंगात रंगवून लावला आहे. साखळीसारखे आणि काडीसारखे दिसतील ते जिवाणू. आधी लहान मुलांना पाहू द्या, मग आपण या. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांच्यासाठी मी तिथेच उभा आहे.