बैलगाडीवरील उपग्रह



‘आपणांस हे ठाऊक आहे काय?’ अशा मथळ्याखाली वृत्तपत्रांत जी छोटी सदरे येतात, ती मी आवडीने वाचतो. त्यांतील बहुतेक गोष्टी खऱ्या असतात. उणीव एवढीच, की त्या दोन ओळींत संपतात आणि खरे सांगण्याजोगे ते तिसऱ्या ओळीसाठी राहून जाते. आज मी अशाच काही गोष्टी सांगणार आहे. त्या सर्व एकाच ठिकाणच्या आहेत.

ते ठिकाण म्हणजे बेंगळूरच्या वायव्येस, तुमकूरच्या रस्त्यालगत असलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र. लेथवर सुटे भाग कातणारे छोटे कारखाने, यंत्रांची घरघर, मालमोटारींची ये-जा. एखाद्या औद्योगिक वसाहतीत जे दिसावे तेच येथे दिसते. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ याच वसाहतीतील ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या शेडमध्ये तयार झाला.

सोव्हिएत संघाशी त्यासंबंधीचा करार १० मे १९७२ रोजी झाला. अग्निबाण त्यांचा, उपग्रह आपला. या प्रयत्नाला चालना देणारे डॉ. विक्रम साराभाई करारापूर्वीच, ३० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले होते. उपग्रहबांधणीची धुरा डॉ. उडुपी रामचंद्र राव यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखालची मंडळी बहुतांशी तरुण होती आणि उपग्रह बांधण्याचा अनुभव जवळजवळ कोणालाच नव्हता. पत्र्याखाली काम करायचे म्हणजे पहिला शत्रू धूळ. धुळीचा कण जमिनीवर खाली बसतो. अंतराळात वजनच जाणवत नसल्याने तो तरंगत राहतो आणि नेमका नको तेथे जाऊन चिकटतो. म्हणून शेडच्या आत आणखी एक बंदिस्त, गाळलेल्या हवेची खोली उभारावी लागली. उपग्रहाचे संदेश घेण्यासाठी जागा अपुरी पडली, तेव्हा बेंगळुरातील एका स्वच्छतागृहाचेच संदेशग्रहण-केंद्र केले, ही हकिकत पुढे फार प्रसिद्ध झाली.

आर्यभटाला २६ बाजू होत्या, हीही सदरांतली एक लाडकी माहिती. पण २६च का? सौरघट हे सपाट आणि ठिसूळ असतात. ते गोलावर वाकवून बसवता येत नाहीत. गोल आकार मात्र हवासा, कारण फिरणाऱ्या उपग्रहाची कोणती ना कोणती बाजू सूर्यासमोर आली पाहिजे. तेव्हा सपाट फळ्या जोडून गोलासारखा आकार साधला आणि वरची व खालची अशा दोन बाजू सोडून बाकी सर्वांवर सौरघट बसवले. एवढ्या खटाटोपातून मिळणारी वीज सुमारे ४६ वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकीच. वजन ३६० किलोग्रॅम. १९ एप्रिल १९७५ रोजी कापुस्तिन यार येथून तो अवकाशात गेला. पुढे दोन रुपयांच्या नोटेवर त्याचे चित्र आले आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या खिशात तो फिरू लागला. (नावातला ‘ट’ एकेरीच आहे, ‘भट्ट’ ही मागाहूनची चूक होय.)

आर्यभट चार-पाच दिवसांत बंद पडला, असे सर्रास लिहिले जाते. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग चार दिवसांनी थांबले, हे खरे. पण उपग्रहाची मुख्य यंत्रणा मार्च १९८१ पर्यंत जागी होती. ज्यांना उपग्रह बांधायला आणि चालवायला शिकायचे होते, त्यांच्या लेखी ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता बैलगाडीकडे वळू. ‘ॲपल’ हा आपला प्रायोगिक दळणवळण उपग्रहही पीण्यातील शेडमध्येच घडला. तो बैलगाडीवर ठेवलेला असल्याचे छायाचित्र आपणांपैकी कित्येकांनी पाहिले असेल. ते पाहून कोणाला अभिमान वाटतो, कोणाला संकोच. दोघेही एकच गृहीत धरतात, की मोटार परवडत नव्हती. वस्तुतः अडचण पैशाची नव्हती, लोखंडाची होती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. अंतराळात त्याच्याभोवती काहीच असणार नाही. जमिनीवर मात्र भिंती, छपरे, यंत्रे रेडिओलहरी परतवतात आणि मोजमाप बिघडते. उघड्या मैदानावर नेले तरी मालमोटारीचा पोलादी सांगाडा तेच करणार. लाकूड मात्र या लहरींना फारसे अडवत नाही. ‘आसपास काहीच नाही’ या स्थितीच्या जवळात जवळ नेणारे जे वाहन हाताशी होते, ते बैलगाडी. मला विचाराल, तर इतका सरळ विचार करता येणे ही गरिबीची नव्हे, विषयाच्या समजेची खूण आहे. १९ जून १९८१ रोजी ‘आरियान’ अग्निबाणाने ॲपलला वर नेले. त्याचा एक सौरपंखा उघडलाच नाही. तरीही त्याने दोन वर्षांहून अधिक काळ काम दिले.

पीण्याचा अंतराळाशी संबंध तेथे संपला नाही. इस्रोच्या उपग्रहांचा माग ठेवणारे व त्यांना आज्ञा देणारे केंद्र, ‘इस्ट्रॅक’, याच क्षेत्रात आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा ते इतके दूर होते की संदेशाला एका बाजूचा प्रवास करायलाच सुमारे १२ मिनिटे लागत. वेळेवर आज्ञा देऊन भागणार नव्हते, म्हणून सर्व आज्ञा आगाऊ धाडून ठेवल्या होत्या. त्यानंतर काही दिवसांतच एका अमेरिकन वृत्तपत्राने व्यंगचित्र छापले: गाय घेऊन आलेला शेतकरी अंतराळ-मंडळाचे दार ठोठावतो आहे. वाचकांनी निषेध केला आणि संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

त्याच दिवशी इस्ट्रॅकमध्ये टिपलेले दुसरे एक छायाचित्र जगभर गेले. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत फुले माळलेल्या स्त्रिया एकमेकींचे अभिनंदन करीत आहेत. ‘मंगळावर यान पोहोचवणाऱ्या शास्त्रज्ञ’ असे त्याखाली ठिकठिकाणी छापले गेले. चित्रातल्या त्या स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी होत्या, हा खुलासा इस्रोने नंतर केला. तो वाचून काहींनी मान डोलावली: म्हणजे शास्त्रज्ञ स्त्रिया नव्हत्याच तर! पण खुलाशाचा उत्तरार्धही होता. नियंत्रण कक्षात त्या वेळी अनेक स्त्री-शास्त्रज्ञ कामावर होत्या. ऋतू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ या मोहिमेच्या उपसंचालनप्रमुख होत्या.