मिळवलेला वेळ कुणाला द्यायचा?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहणारा माणूस. शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झालं. समितीने मला विषय दिला आहे, 'मोबाईल, टीव्ही आणि आपली मुले'. या विषयावर मुलांना रागावणारी भाषणे पुष्कळ होतात. मी मुलांना रागावणार नाही. मला वेळेबद्दल बोलायचे आहे. कारण पाळीवर जाणाऱ्या माणसाला वेळेची किंमत सांगावी लागत नाही.

मित्रहो, हा मोकळा वेळ आपल्याला कुणी दान दिलेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सहा वर्षे झगडावे लागले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ साली त्यांनी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ वर आले. आठवड्याचे सहा तास! कामगाराने ते कशासाठी मिळवले? वाचावे, पोरांना जवळ घ्यावे, सभेला जावे, संघटना बांधावी यासाठी. दिवसभर राबून आलेल्या माणसांनीच वस्त्यांमध्ये वाचनालये काढली, आखाडे घातले, आंबेडकरी जलसे उभे केले. वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले, तेव्हा त्यांच्यापुढे रात्रभर बसणारे लोक सकाळी कामावर जाणारेच होते.

आता एक साधा हिशोब करू. समजा घरातला एक माणूस रोज तीन तास मोबाईल आणि टीव्हीपुढे घालवतो. वर्षाचे झाले १,०९५ तास. आठ तासांची एक पाळी धरली तर १३६ पाळ्या. महिन्याला २६ पाळ्या धरा, पाच महिन्यांच्या वर काम झाले. आणि हे काम बिनपगारी! वरून रिचार्जचे पैसे आपलेच. कारण आपण जितका वेळ बघत राहतो, तितक्या जाहिराती कंपनीला दाखवता येतात. त्यावर तिची कमाई चालते. म्हणूनच एक रील संपली की दुसरी तयारच असते. गिरणीत निदान पाळी सुटते. या कारखान्यात पाळीच सुटत नाही.

याचा अर्थ मोबाईल फेकून द्या असे मी म्हणत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ज्या घरात मोबाईल नव्हता, त्या घरातली मुले मागे पडली. शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीची जाहिरात, निकाल, सगळे त्याच्यावरच येते. साधन वाईट नाही. पण आपण साधन वापरतोय की साधन आपल्याला वापरतंय, एवढे तरी बघायला नको का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. बरोबर आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत आई स्टोव्हपाशी, बाप पाळीवरून येऊन झोपलेला, बाहेर गटार आणि गाड्या. त्या पोराने जायचे कुठे? यंत्रमागावर तर अजूनही पुष्कळ ठिकाणी बारा तासांची पाळी चालते. दमलेल्या आईबापाला मोबाईल हीच सर्वांत स्वस्त दाई वाटते. तेव्हा 'ठेव तो मोबाईल' एवढे म्हणून भागत नाही. ठेवल्यावर हातात काय द्यायचे, ते सांगावे लागते.

तरुणांचेही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगले झाले, पगार बुडवणारे ते दुकान होते. पण कायदा दुकान बंद करतो. पोराची संध्याकाळ भरून काढणे हे कायद्याचे काम नाही, ते वस्तीचे काम आहे.

हे जमते का? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ साली गावाने ठरवले, संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, मोबाईल आणि टीव्ही बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग पुन्हा चालू. लोक आधी हसले. मग आशा ताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले, लोकांना समजावले. त्या दीड तासात मुले अभ्यासाला बसू लागली, घरातली माणसे एकमेकांशी बोलू लागली.

यात तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वेळ ठरलेली होती. नियम लहानमोठ्या सगळ्यांना एकच होता. आणि समजवायला माणसे दारापर्यंत गेली. गिरणीचा भोंगा कामगाराचा वेळ मालकासाठी मागून घ्यायचा. वडगावच्या भोंग्याने तो माणसाला परत दिला.

आपल्यालाही हे नवीन नाही. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाया येतात, म्हातारी माणसे येतात, पोरे मागे बसतात. तेवढा वेळ कुणाला टीव्हीची आठवण होत नाही. मग राहिलेल्या नऊ महिन्यांनी काय पाप केलंय?

म्हणून माझी सूचना अशी. विहाराच्या दाराशी एक फळा लावू. त्यावर तीन रकाने: काय, केव्हा, कुणाकडे. सोमवारी मोठ्याने वर्तमानपत्र वाचन. मंगळवारी बुद्धिबळ आणि कॅरम. बुधवारी मुलींची कबड्डी. गुरुवारी दहावी-बारावीच्या मुलांनी लहानांचा अभ्यास घ्यायचा. शुक्रवारी हलगी, लेझीम आणि गाण्याची तालीम. शनिवारी म्हाताऱ्या माणसांनी वस्ती कशी वसली ते सांगायचे आणि पोरांनी वहीत उतरवायचे. आपल्या आज्या जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायच्या. ज्यांना त्या आठवतात, त्यांचा आवाज पोरांनी त्याच मोबाईलवर धरून ठेवावा. तिथे मोबाईल खरा कामाला येईल.

प्रत्येक कार्यक्रमापुढे एका माणसाचे नाव पाहिजे. 'सर्वांनी यावे' म्हटले की कुणीच येत नाही, हा आपला सभांचा अनुभव आहे. आणि सगळे पायी दहा मिनिटांच्या आत पाहिजे, नाहीतर मुलींना घरातून सोडत नाहीत.

आता भगिनींबद्दल बोलतो. सात ते साडेआठ ही भाकरीची वेळ. पुरुषांनी विहारात बुद्धिबळ खेळायचे आणि बाईने एकटीने चूल सांभाळायची, हे चालणार नाही. आठवड्यातले दोन दिवस पुरुषांनी घर सांभाळावे. भगिनींनी त्या दिवशी विहारात यावे, आणि फळ्यावर त्यांची नावे 'कुणाकडे' या रकान्यात असावीत, नुसती चहा करणाऱ्यांत नकोत.

शेवटी बापमंडळींना सांगतो. पोरगं आपलं ऐकत नाही, पण आपल्याला बघतं. आपला अंगठा थांबला तर त्याचा थांबेल. एकदम तीन तास नकोत. रोजचा अर्धा तास पडद्याकडून काढून वस्तीला द्या. वस्तीत शंभर घरे धरली आणि घरटी एक माणूस धरला, तर रोजचे पन्नास तास झाले. एवढ्या वेळात वाचनालय चालते, अभ्यासिका चालते, संघटना उभी राहते.

फळा आणायची जबाबदारी मी घेतो. खडू घेऊन पहिले नाव लिहायला उद्या संध्याकाळी सात वाजता कोण येणार, ते आजच ठरवा.

नमो बुद्धाय, जयभीम.