वेल्समधील मेरिऑनेथ परगणा

वेल्सच्या वायव्य भागांत, कार्डिगनच्या उपसागरास लागून असलेला मेरिऑनेथ परगणा आतां स्वतंत्र परगणा म्हणून अस्तित्वांत नाहीं. वेल्सचा राजपुत्र लिवेलिन १२८२ मध्यें मारला गेल्यावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें तो मुलूख जिंकला, व १२८४ सालीं रिद्लान येथें कायदा करून हा परगणा निर्माण केला. नव्या प्रजेवर वचक राहावा म्हणून त्यानें समुद्रकाठीं हार्लेखचा बळकट किल्लाहि बांधविला. पण १४०४ मध्यें बंडवाला ओवेन ग्लिंडूर यानें तोच किल्ला घेऊन तेथें आपलें ठाणें मांडलें!

परगणा डोंगराळ. काडर इद्रिसचें शिखर जवळजवळ तीन हजार फूट उंच. पूर्वेस डी नदीच्या वाटेवर बालाचें सरोवर, वेल्समधील नैसर्गिक सरोवरांत सर्वांत मोठें. शेती यथातथाच, मेंढ्या मात्र पुष्कळ. लक्ष्मी जी कांहीं आली ती दगडाच्या पायांनीं! श्रोत्यांना आपली लहानपणची पाटी आठवत असेल; त्याच जातीचा दगड फेस्टिनियॉगच्या डोंगरांतून काढून घरांचीं छपरें शाकारण्यासाठीं देशोदेशीं जात असे. १८३६ पासून तो अरुंद रुळांवरून बंदराकडे नेऊं लागले. भरलेले डबे उतारावरून आपोआप धांवत, आणि रिकामे डबे वर ओढणारे घोडे खालीं येतांना एका डब्यांत उभे राहून ऐटींत प्रवास करीत.

या परगण्याच्या अलीकडील इतिहासांतील दुःखाची गोष्ट मात्र पाण्याची आहे. बालाजवळ त्रवेरिन नांवाची लहान नदी डीला मिळते. तिच्या खोऱ्यांत कापेल केलिन हें खेडें होतें: शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर, दफनभूमि व कांहीं शेतवाड्या. सर्व व्यवहार वेल्श भाषेंत. इंग्लंडांतील लिव्हरपूलच्या नगरपालिकेनें पाण्यासाठीं हें खोरें बुडविण्याचें ठरविलें. १९५६ मध्यें गांवकरी मुलांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांतून निषेधाची मिरवणूक घेऊन गेले. उपयोग झाला नाहीं. नगरपालिकेनें थेट पार्लमेंटांतूनच कायदा करून घेतल्यामुळें स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीची गरजच उरली नाहीं. १९५७ चा तो कायदा मंजूर झाला तेव्हां वेल्सच्या एकाहि सभासदानें त्याच्या बाजूनें मत दिलें नव्हतें. बहुमताचा हा न्याय कागदोपत्रीं निर्दोष असेल. पण ज्यांचें घर जावयाचें, त्यांच्या प्रतिनिधींचा शब्द असा कवडीमोल ठरावा, हें लोकशाहीस शोभत नाहीं.

१९६५ च्या ऑक्टोबरांत धरणाचें उद्घाटन झालें. तत्पूर्वीं कांहीं मृतांच्या अस्थि नातलगांनीं अन्यत्र नेल्या. उरलेल्यांवर काँक्रीटचा थर पडला. धरणांतून सोडलेलें पाणी त्रवेरिनमधून डीमध्यें येतें, व तें पुढें नदीच्या खालच्या भागांतून उचलतात.

परगणाहि फार दिवस टिकला नाहीं. १९७४ मध्यें राज्यकारभाराच्या नव्या मांडणींत त्याचा बहुतेक भाग ग्विनेदमध्यें, तर ईशान्येकडील थोडा भाग क्लुइडमध्यें गेला. लिव्हरपूलनें २००५ सालीं त्रवेरिनबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या वेळीं खोऱ्यावर पाणी चढून चाळीस वर्षें झालीं होतीं.